अय्यादच्या गोळ्या, खलफच्या खिशात

खलफ अब्दुल-मौलाला पहिली गोळी मीच दिली. माझ्या हातानं, डॉक्टरची चिठ्ठी बघून, रीतसर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी लांब उभं राहून बघणारी बाई समजणार नाही.

माझं औषधांचं दुकान नाईलच्या पूर्व काठावर, मिन्या शहराच्या बरोब्बर समोर. दुकानामागं डोंगर आणि डोंगरात पांढऱ्या दगडाच्या खाणी. गावातले निम्मे पुरुष तिथंच राबतात. संध्याकाळी उतरतात तेव्हा भुवया, पापण्या, मिश्या सगळं पांढरं झालेलं असतं, आणि माझ्या काउंटरवर त्यांच्या हाताचे पंजे उमटतात.

खलफ तिथला उस्ता होता, म्हणजे करवतीवरचा मुख्य कारागीर. ही करवत म्हणजे माणसाच्या छातीएवढं पोलादी चाक. ते रुळांवरून आपलं आपण पुढं सरकतं आणि जमिनीतल्या दगडाच्या विटा कापत जातं. मागून चालायला एक माणूस लागतो, पुढं रूळ सरळ ठेवायला दुसरा. मागं खलफ, पुढं अय्याद. पंधरा वर्षं हीच जोडी. खलफ मुसलमान, अय्याद कॉप्ट, म्हणजे इथला ख्रिस्ती, आणि एकमेकांच्या उपासांवरून त्यांचं कायम जुंपलेलं असायचं.

"तुमचा उपास म्हणजे काय रे, मटण सोडून बाकी सगळ्यावर ताव," खलफ म्हणायचा.

"आणि तुमचा म्हणजे दिवसभर लोकांवर खेकसायचं आणि सूर्य बुडाला की पोट फुटेस्तोवर जेवायचं," अय्याद परत करायचा.

खलफ दगडावर नुसता तळवा ठेवून आत भेग आहे की नाही ते सांगायचा. त्याच्या हातानं कापलेली वीट मापायची गरज पडत नाही, असं मुकादम स्वतः सांगत फिरायचा. असा हात.

त्या हाताचा खांदा भरून आला आणि तो माझ्याकडं चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर ट्रामाडॉल, दहा कॅप्सूल. तेव्हा ते औषध आजच्याइतकं बंदोबस्तात नव्हतं. चार दिवसांनी तो परत आला तो हसत. आमच्याकडं औषधवालीलाही डॉक्टरीणच म्हणतात.

"डॉक्टरीणबाई, काय घातलं होतंत त्यात? खांदा तर गेलाच, पण घरी गेल्यावर मी पोरींना पाठीवर घेऊन अंगणात फिरलो. दमलोच नाही. बायको म्हणाली, आज लग्नातल्यासारखा दिसतोयस."

मला बरं वाटलं. औषध दिल्यावर आभार मानायला येतो कोण? मी शिकलेली आहे. खांद्याच्या गोळीनं माणूस नवरदेव होत असेल तर ती गोळी फक्त खांद्यापाशी थांबलेली नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मी त्याला चहा दिला.

त्यानं आणखी दोनदा चिठ्ठी आणली. तिसऱ्यांदा चिठ्ठीशिवाय आला तेव्हा मी नाही म्हटलं. तो वाद न घालता निघून गेला. मला वाटलं, सुटला.

सुटला नव्हता. वर खाणीत चहाच्या टपरीवर लाल गोळ्या मिळायला लागल्या होत्या. बाहेरून चोरून आलेल्या, माझ्या कॅप्सूलच्या चौपट ताकदीच्या. पोरं त्यांना स्ट्रॉबेरी म्हणायची. मुकादमाकडं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या असायच्या, आणि सकाळच्या काळ्या चहाबरोबर तो त्या वाटायचा, जसं एखादा पाहुण्याला खजूर पुढं करतो. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी विटा जास्त. कुणाला तक्रार नव्हती.

एकटा अय्याद घेत नव्हता. त्याचा थोरला भाऊ दारूत गेला होता, त्यामुळं नशा आणणाऱ्या कुठल्याही गोष्टीची त्याला भीती होती. मुकादम त्याला "पाद्रीबुवा" म्हणायचा.

असं चार वर्षं चाललं. मग एका दुपारी खलफची बायको बदरिया त्याला अक्षरशः ओढत दुकानात घेऊन आली. आम्ही तिला उम्म सना म्हणतो, म्हणजे सनाची आई, थोरल्या मुलीच्या नावावरून.

"बघा हो, बघा याचा पाय," ती म्हणाली. "बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. लोखंडाचा खिळा आरपार! आणि हा त्याच पायानं डोंगर उतरून आला. मला विचारतो, आज जेवायला मुलूखियाची भाजी केलीस का?"

"केली होती का पण?" खलफ म्हणाला आणि एकटाच हसला.

"दुखलं नाही तुला, उस्ता?" मी विचारलं.

"दुखत नाही तर ओरडू कशाला?"

मी जखम धुतली, इंजेक्शन दिलं. तो नाक खाजवत बसला होता. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बदरियाला आत घेतलं.

"किती घेतो?"

तिनं मान खाली घातली. "मला सांगतो दोन. चड्डीच्या नाडीच्या पट्टीत लपवतो, मी धुताना मोजते. पाच-सहा तरी असतात. आत काय होतं हो त्यांनी, डॉक्टरीणबाई? मशिदीतले शेख म्हणाले, जिन्न शिरलाय."

मला जमेल तसं मी सांगितलं. पायात खिळा गेला की त्याची बातमी नसांमधून पाठीच्या कण्यात जाते, तिथून डोक्यात. ही गोळी बातमी आणणाऱ्याला दारातच अडवते. खिळा तिथंच असतो, रक्त तिथंच असतं, डोक्याला मात्र काही कळत नाही. शिवाय माणसाला बरं वाटावं म्हणून मेंदू स्वतः जे थोडंथोडं पाझरवतो, ते गोळी नको तेवढं साठवून ठेवते. मग मेंदू म्हणतो, बाहेरून येतंय ना, मी कशाला खपू? तो आपलं काम बंद करतो. म्हणून गोळी नसली की नुसता खांदा दुखत नाही, जगणंच दुखायला लागतं.

"म्हणजे जिन्नच की," बदरिया म्हणाली.

अचानक बंद करू नका, शहरातल्या दवाखान्यात न्या, एवढं सांगितलं. ती म्हणाली, तो येणार नाही. तो आला नाही.

दोन महिन्यांनी अय्याद आला. खोकल्याचं औषध मागितलं, घेतलं, तरी हलेना.

"काय रे?"

"उस्ता थांबतो," तो म्हणाला.

"थांबतो म्हणजे?"

"म्हणजे चालता चालता थांबतो. करवत पुढं जाते आणि हा मागं उभा, डोळे उघडे, ओठ जरा हलतात. मी दहा आकडे मोजले, एकदा पंधरा. मग जागा होतो आणि मलाच विचारतो, काय बघतोयस माकडासारखा? परवा चहाचा पेला हातातून उडाला. पडला नाही बाई, उडाला. जणू कुणी कोपराला चापट मारली."

ही गोळी जास्त झाली की मेंदूत विजा चमकल्यासारखं होतं, आणि एक दिवस सगळ्या एकदम चमकतात. मी अय्यादला म्हटलं, "त्याला करवतीवर जाऊ देऊ नकोस."

"मी कोण जाऊ न देणारा? मुकादमाला सांगितलं तर म्हणतो, पाद्रीबुवा, तू रूळ बघ."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं.

त्याच आठवड्यात खलफ शहरातून एक चिठ्ठी घेऊन आला. झोप लागत नाही, रडू येतं, कशात मन नाही, असं त्यानं तिथल्या डॉक्टरला सांगितलं होतं. लाल गोळ्यांचं सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं उदासीवरचं औषध लिहून दिलं होतं. औषध चांगलं. मात्र लाल गोळ्यांच्या जोडीला घेतलं तर जळत्या चुलीत रॉकेल.

"उस्ता, लाल गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

"खरं सांग. या दोन्ही एकत्र चालत नाहीत. फीट येईल. मरशील."

"सनाच्या डोक्याची शपथ, रमजानपासून शिवलेलो नाही."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या बारीक होत्या. बाहेर ऊन होतं, तो उन्हातून आत आला होता, आणि मी मनाशी म्हटलं, उन्हानं झाल्या असतील. मागं सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती, एका बाईच्या कडेवर तापानं फणफणलेलं मूल. बाप मुलीच्या डोक्याची शपथ खोटी कशाला घेईल, असंही मी मनाशी म्हटलं. आणि पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

शपथ खोटी होती. ते मला त्याच वेळी माहीत होतं, असं आज वाटतं.

पाचव्या दिवशी ते घडलं. अय्यादनं मला नंतर सांगितलं तसं सांगते.

सकाळचे दहा. रुळाखाली खडा आला होता म्हणून खलफ स्वतःच पुढं गेला आणि वाकला. अय्याद बाजूला पाणी पीत होता. करवत चालूच होती. थांबवून परत सुरू करायला वेळ जातो, म्हणून तिथं कुणी थांबवत नाही. खलफच्या तोंडातून गाईच्या हंबरण्यासारखा आवाज आला आणि तो ताठ होऊन रुळावर आडवा पडला. मग त्याचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. टाचा दगडावर आपटत होत्या, दातांतून फेस. चाक त्याच्यापासून चार पावलांवर. वीज बंद करायचा खटका पलीकडच्या खांबावर, वीस पावलं.

"मी हिशेब केला नाही," अय्याद म्हणाला. "पाय धरला आणि ओढलं. तो हलेना, लाकूड झालं होतं नुसतं. परत ओढलं. तो आला. माझी बाही आली नाही."

गलबियाची, म्हणजे अंगातल्या लांब झग्याची, रुंद बाही चाकात गेली आणि बाहीबरोबर डावा हात, कोपराच्या खालून.

दोघांना एकाच गाडीत घालून नदीपलीकडच्या इस्पितळात नेलं. खलफचे झटके सुई दिल्यावर थांबले. लाल गोळ्या अर्थातच बंद झाल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या शरीरानं चार वर्षं न आलेल्या सगळ्या बातम्या एकदम आणायला सुरुवात केली. जुना खांदा, खिळ्याचा पाय, हाडं, दात, केसांची मुळंसुद्धा. अंगावर चादर टेकली तरी ओरडायचा. नाकाडोळ्यांतून धारा, पोट धरून कुथणं, पाय आपोआप झाडणं. बाहुल्या आता एवढ्या मोठ्या की डोळे काळेच दिसत होते. मी भेटायला गेले तेव्हा बदरिया त्याच्या पायावर बसून ते दाबून धरत होती.

त्याच अवस्थेत त्याला अय्यादच्या हाताचं कळलं. मन बधिर करायला आत काहीच उरलेलं नव्हतं. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "माझा हात त्याला जोडा." एवढंच, पुन्हा पुन्हा.

मी नर्सकडून ऐकलं की शहरातल्या डॉक्टरनं दिलेल्या दुसऱ्या औषधाची चिठ्ठी त्याच्या खिशात सापडली होती. कुणी मला काही विचारलं नाही. मीच बदरियाला सांगितलं की ते औषध मी दिलं होतं, सनाच्या डोक्याची शपथ ऐकून, डोळे बघूनसुद्धा दिलं होतं. ती म्हणाली, "त्यानं माझ्या लेकीच्या डोक्याची शपथ घेतली? तुम्हाला खोटी?" माझ्या चुकीपेक्षा तिला ते जास्त लागलं होतं.

अय्याद तीन आठवड्यांनी घरी आला. जखम भरत आली होती, पण त्याला नवंच काहीतरी सुरू झालं होतं. नसलेला हात दुखत होता.

"मूठ आवळली गेलीय, बाई," तो मला म्हणाला. "इथं, हवेत. नखं तळव्यात रुतलीयत. मला उघडताच येत नाही. हात तिकडं खाणीत पडलाय आणि मूठ इथं. मी वेडा झालोय का?"

"नाही. हात गेला, पण डोक्यातली हाताची जागा गेलेली नाही. तिला बातमी येईनाशी झालीय, म्हणून ती स्वतःच बातम्या बनवतेय."

"मग तिला सांगा की उघड ती मूठ."

इस्पितळानं वेदनेसाठी लिहून दिलं होतं ट्रामाडॉल. सरकारी शिक्क्याची चिठ्ठी, आठवड्याला चौदा, मग दर आठवड्याला कमी करत सहा आठवड्यांत बंद. अय्याद चिठ्ठी पुढं करेना.

"हेच ना ते?"

"हेच. पण मापात."

"उस्तालाही आधी मापातच दिलं होतंत."

अय्याद विधुर, घरी म्हातारी आई, तिला दिसत नाही. गोळ्या कुणाकडं ठेवायच्या? मी म्हटलं, रोज दुकानात ये. तो म्हणाला, "नको. खलफकडं द्या."

"अय्याद, शुद्धीवर आहेस का? त्याची गोळी सुटून अजून महिना नाही झाला. अंगाला अजून कंप आहे."

"म्हणूनच. ती गोळी काय करते हे गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? मी एकाच्या दोन मागितल्या तर तो माझं तोंड ओळखेल." मग जरा थांबून म्हणाला, "आणि माझा एक हात घेतलाय त्यानं. माझं एवढं काम करेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. कायद्यानं, शहाणपणानं, कसंही बघितलं तरी. पण मी खलफला बोलावलं. तो आला, काउंटरला धरून उभा राहिला. मी गोळ्यांची पट्टी पुढं सरकवली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम उभा राहिला. शरीर विसरत नाही. नुसतं पाकीट दिसलं तरी आत कुत्री भुंकायला लागतात.

"मला नका देऊ," तो म्हणाला.

"मी नाही देत. अय्याद देतोय."

त्यानं पट्टी उचलली, रुमालात बांधली, छातीच्या खिशात ठेवली आणि गेला.

पुढचे आठवडे मी नीट जेवले नाही. सकाळी आणि दुपारी खलफ अय्यादच्या घरी जायचा, एक गोळी काढून द्यायचा, त्यानं गिळेपर्यंत बसायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. बदरिया सांगायची की घरी तो रुमाल उशाशी नाही, पोटाशी घेऊन झोपतो, आणि झोपतो म्हणजे काय, छताकडं बघतो. "मी म्हटलं, माझ्याकडं दे. म्हणाला, तुला हात लावायला देणार नाही. मला कळेना हो, तो त्यांची राखण करतोय की त्या त्याची."

तिसऱ्या आठवड्यात अय्यादची मूठ फारच आवळली. मी तेव्हा तिथंच होते, जखम बघायला गेले होते. तो भिंतीवर डोकं आपटत होता.

"दोन दे."

"एकच आहे आज," खलफ म्हणाला.

"खोटारड्या, खिशात आहेत तुझ्या. दे! नाहीतर तूच खाणार आहेस रात्री, माहीत नाही का मला?"

खलफचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं अय्यादचा उरलेला उजवा हात धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. "हा दाब. पाहिजे तेवढा जोरात दाब. ओरड. मी जात नाही इथून." अय्यादनं इतक्या जोरात दाबलं की खलफच्या डोळ्यांत पाणी आलं. अय्यादची आई पलीकडच्या खोलीतून विचारत राहिली, "कोण रडतंय रे? दोघांपैकी कोण?"

सहा आठवडे संपले. अय्यादला आता तो हात जाणवेनासा होत चालला होता. मूठ सैल पडली होती, कधीतरी मुंग्या यायच्या, एवढंच. खलफ शेवटची रिकामी पट्टी घेऊन माझ्याकडं आला आणि काउंटरवर ठेवली.

"दोन मी खाल्ल्या," तो म्हणाला.

मी रिकामी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"दुसऱ्या आठवड्यातल्या. संडासात उभ्यानं, पाण्याशिवाय. त्या दिवशी त्याला एक कमी मिळाली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. तो रडला आणि मी समोर बसून गार होतो. मला काही वाटत नव्हतं, डॉक्टरीणबाई. तेच बघून मी घाबरलो. घरी जाऊन बोटं घशात घातली, पण उशीर झाला होता."

"अय्यादला माहीत आहे?"

"तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. ज्या दिवशी तुम्ही होतात, तुम्ही गेल्यावर."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला वाटलं होतं चार खाशील."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. दोघंही खाणीत परत गेले नाहीत. खलफचा हात थरथरतो, त्या हातानं दगडाची भेग आता कळत नाही. फीट न येण्याची एक गोळी तो रोज घेतो, ती मी देते आणि बदरिया समोर उभी राहून मोजते. नदीवरच्या होडीच्या धक्क्यावर अय्याद एका हातानं तिकिटं फाडतो आणि खलफ दोर बांधतो. उपासांवरून अजूनही भांडतात.

मुकादमानं अपघाताच्याच आठवड्यात करवतीवर दुसरी जोडी लावली होती. मधल्या काळात पोलिसांनी टपरी मोडली, तेव्हापासून वर डोंगरात गोळ्या ठेवणं अवघड झालं. म्हणून आता मुकादमाचा माणूस पहाटे गोळ्या घेऊन खाली येतो. पलीकडून येणारा प्रत्येक मजूर याच धक्क्यावर उतरतो, विकायला याहून सोयीची जागा नाही. तो तिकिटाच्या खिडकीपासून दहा पावलांवर खजुराच्या पाट्या उलट्या टाकून बसतो. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. खलफ दोर ओढत आला की रोज न चुकता हात वर करतो.

"सबाह अल-खैर, उस्ता. तब्येत काय म्हणते? खांदा कसा आहे?"

खलफ दोर बांधतो, गाठ दोनदा तपासतो, आणि उत्तर देतो. "दुखतोय. अल्लाची कृपा, दुखतोय."

तो माणूस हसतो. त्याला घाई नाही.